लेखापरीक्षक पुरावा कसा जमवतो आणि आपले मन कसे मोकळे ठेवतो

सीए होण्यासाठीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, म्हणजे आर्टिकलशिप, नुकतीच सुरू झालेल्या अमळनेरच्या एका विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. ऑडिटर पुरावा नेमका कसा गोळा करतो आणि तो पुरेसा झाला हे कशावरून ठरवतो, ही पहिली. ज्या गावात मालक, मुनीम, बँकेचे मॅनेजर आणि ऑडिटर एकमेकांच्या लग्नकार्यांना जातात, त्या गावात ऑडिटरचे मत आधीच बनलेले नाही याची खात्री कशी द्यायची, ही दुसरी. आणि मालकाने सही करून लिहून दिलेले पत्र पुरावा म्हणून चालते का, ही तिसरी. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या जिनिंग (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारे कारखाने), दालमिल, केळीचे व्यापारी आणि पतसंस्था यांच्या तपासणीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उदाहरणे त्याच धंद्यांतली देतो. नियम मात्र देशभर तेच आहेत.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पूर्वग्रह टाळायला मनाचा निश्चय पुरत नाही. निःपक्षपाती राहायचे असे ठरवून बसलेला ऑडिटरही एका बाजूला झुकतो, आणि झुकणाऱ्याला आपण झुकलो हे कळत नाही. उपयोग होतो तो कामाच्या क्रमाचा: कोणता आकडा आधी बघायचा, कोणाशी आधी बोलायचे, कागद कोणाच्या हातून घ्यायचा आणि आपला अंदाज केव्हा लिहून ठेवायचा. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

पुराव्याविषयीचे आपले मुख्य मानक म्हणजे ५०० क्रमांकाचे लेखापरीक्षण मानक. पुरावा पुरेसा असावा आणि योग्य असावा, अशा दोन अपेक्षा ते ठेवते. पुरेसा म्हणजे प्रमाणाने. योग्य म्हणजे तपासायच्या मुद्द्याशी संबंध असलेला आणि भरवसा ठेवण्याजोगा. भरवशाचे काही सर्वसाधारण ठोकताळे त्यात दिलेले आहेत. संस्थेच्या बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून आलेला पुरावा आतल्यापेक्षा बळकट. ऑडिटरने स्वतः पाहिलेला किंवा थेट मिळवलेला पुरावा ऐकीव माहितीपेक्षा बळकट. लेखी पुरावा तोंडी सांगण्यापेक्षा आणि मूळ कागद झेरॉक्सपेक्षा बळकट. आणि संस्थेत तयार झालेला कागद तिथली अंतर्गत नियंत्रणे चांगली असतील तरच बळकट. परीक्षेसाठी हे पाठ होते, पण गावातल्या व्यवहाराला ते लावायला बसले की खरे कष्ट सुरू होतात.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. शेतकरी बिल देत नाही. माल बागेतून कापला जातो, ट्रकमध्ये भरला जातो, काट्यावर वजन होते आणि खरेदीचे व्हाउचर व्यापारी स्वतःच बनवतो. आयकर कायद्याने एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च नामंजूर करण्याची तरतूद केली, परंतु शेतमालापोटी थेट शेतकऱ्याला दिलेल्या रकमेला आयकर नियम ६ डीडी ने त्यातून सूट दिली. म्हणजे रोखीने दिलेले पैसे बेकायदा नाहीत, आणि तरीही पुरावा म्हणून त्या व्हाउचरची किंमत फार थोडी, कारण ते लिहिणारा आणि त्याचा फायदा घेणारा एकच. अशा ठिकाणी व्हाउचरांचे गठ्ठे जितके जास्त तपासावेत तितका पुरावा वाढतो असे मुळीच होत नाही. शंभर कमकुवत कागद मिळून एक बळकट कागद होत नाही. ऑडिटरने त्याच व्यवहाराने दुसऱ्या कोणाकडे काय खूण सोडली आहे ते शोधायचे असते. काटा दुसऱ्याचा असेल तर त्याच्या पावतीचा क्रमांक आणि वेळ, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी, उत्तरेतल्या ज्या बाजारात माल उतरला तिथल्या अडत्याची पट्टी, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्या हंगामात केळीची नोंद आहे की नाही. या चार जागांपैकी दोन जागी जरी वजन आणि तारीख जुळली तरी त्या व्हाउचरला आधार मिळतो. ज्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर केळी नाहीच आणि ज्याच्या नावावर काट्याची पावती नाही, त्याच्या नावाने लाखांची खरेदी दिसली तर व्हाउचर कितीही नीट भरलेले असो, काम तिथे थांबवून प्रश्न विचारलाच पाहिजे.

साठ्याचा पुरावा हा याहून श्रीमंत विषय आहे आणि खान्देशात तो जिनिंगमध्ये सगळ्यात चांगला शिकायला मिळतो. साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीच्या वेळी ऑडिटरने शक्यतो स्वतः हजर राहावे, असे मानक ५०१ सांगते. हा नियम सहजासहजी आलेला नाही. १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात ऑडिटरांनी व्यवस्थापकाने दिलेल्या साठ्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. साठा वर्षानुवर्षे फुगवलेला निघाला, पण संशयाला कारण नसताना ऑडिटरने इतके खोलात जाणे अपेक्षित नाही, असे म्हणत न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले नाही. ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे प्रसिद्ध वचन त्याच निकालातले. पुढे अमेरिकेत १९३८ च्या अखेरीस मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचे प्रकरण उघड झाले. गोदामातला माल आणि लोकांकडची येणी यांचा मोठा भाग कागदावरच होता, आणि ऑडिटरांनी ना गोदाम पाहिले होते ना देणेकऱ्यांना पत्रे लिहिली होती. त्यानंतर १९३९ पासून तिकडे मोजणीला हजर राहणे आणि येणी असलेल्यांकडून थेट दुजोरा घेणे ही नेहमीची पद्धत झाली. किंग्स्टनचे वचन आपल्याकडे अजून कौतुकाने उद्धृत होते. माझ्या मते आजच्या आर्टिकलला, म्हणजे शिकाऊ ऑडिटरला, मॅकेसनची कथा जास्त उपयोगी आहे.

आता प्रत्यक्ष जिनिंगच्या आवारात या. मार्चअखेर हंगाम ओसरत आलेला असतो, पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि दुपारी बारानंतर मोजणारा माणूस पुढच्या थप्प्या नुसत्या नजरेने मोजू लागतो. म्हणून मोजणी सकाळी लवकर सुरू करावी, ही फार साधी पण फार महत्त्वाची सूचना आहे. प्रेस झालेली गाठ साधारण १७० किलोची असते आणि तिच्यावर प्रेसचा चालू क्रमांक आणि लॉट नंबर लिहिलेला असतो. मोजणीच्या आधी दोन गोष्टी लिहून घ्यायच्या: त्या क्षणी प्रेसमधून बाहेर पडलेल्या शेवटच्या गाठीचा क्रमांक आणि फाटकातून बाहेर गेलेल्या शेवटच्या ट्रकच्या गेटपासचा क्रमांक. हे दोन क्रमांक हाती नसतील तर मोजणी चालू असताना इकडची गाठ तिकडे गेली की नाही हे नंतर कोणीही सांगू शकत नाही. मग थप्प्या मोजायच्या, पण बाहेरून लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून थांबायचे नाही. थप्पीवर चढून मधल्या ओळी भरीव आहेत का ते पाहायचे. बाहेरच्या चार भिंती गाठींच्या आणि आत पोकळी, हा प्रकार या धंद्यात जुना आहे.

गाठी मोजून झाल्या तरी एवढेच सिद्ध होते की गाठी आहेत. त्या कोणाच्या आहेत हा वेगळा प्रश्न आहे. हंगामात भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सगळे ज्याला सीसीआय म्हणतात ते, खरेदी केलेला कापूस खासगी जिनिंगमधून प्रक्रिया करून घेते. व्यापारीही जॉबवर कापूस देतात. त्या गाठी आवारात असतात, थप्पीत असतात, आणि मालकाच्या मात्र नसतात. ज्या आर्टिकलने फक्त मोजणीपत्रक भरले त्याने अस्तित्वाचा पुरावा आणला आणि मालकीचा मुद्दा तसाच राहिला. त्यासाठी लॉट नंबर जॉबच्या करारांशी, सीसीआयच्या पत्रांशी आणि बँकेकडे तारण दिलेल्या मालाच्या यादीशी लावून पाहावे लागतात. प्रत्येक पुराव्यासमोर हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: हा कागद नेमके काय सिद्ध करतो, आणि काय सिद्ध करत नाही?

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पुरावा आणि पूर्वग्रह इथे एकाच आकड्यात भेटतात. समजा हंगामात १०,००० क्विंटल कापूस जिनिंगला गेला. रुईचा उतारा, म्हणजे कापसाच्या वजनात रुई किती निघते ते प्रमाण, ३४ टक्के धरला तर ३,४०० क्विंटल रुई, म्हणजे बरोबर २,००० गाठी निघायला हव्यात. पुस्तकात १,९०० गाठींचे उत्पादन दिसते. १०० गाठी म्हणजे एक पूर्ण लॉट, एका मोठ्या ट्रकचा माल. मालक सांगतात, "साहेब, यंदा परतीच्या पावसाने कवडी फार निघाली, उतारा बत्तीसच्या वर गेलाच नाही." हे खरे असू शकते, पावसाने भिजलेल्या वर्षी उतारा खरोखरच खाली येतो. १,९०० गाठींचा उतारा ३२.३ टक्के पडतो, म्हणजे स्पष्टीकरण आकड्यात चपखल बसते, आणि बहुतेक फाइलींमध्ये तपासणी इथेच संपते. पण रुई कमी निघाली असेल तर उरलेले वजन कुठेतरी गेले पाहिजे. सरकीचे प्रमाण साधारण ६३ टक्के आणि घट तीन टक्के धरली होती, रुई ३२.३ वर आली तर सरकी आणि घट मिळून ६७.७ व्हायला हवी. आता सरकीच्या विक्रीची बिले आणि शिल्लक बघा. सरकी ६३ टक्केच असेल तर घट ४.७ टक्के झाली असे मानावे लागते, आणि इतकी घट मागच्या कोणत्याही महिन्यात दिसत नसेल तर पावसाचे स्पष्टीकरण टिकत नाही. उलट सरकी वाढलेली दिसली तर मालक खरे बोलत होते, आणि ते आता त्यांच्या शब्दावर अवलंबून राहिले नाही. त्याला जोड म्हणून विजेची बिले काढावीत, कारण प्रेस चालली तर युनिट पडतातच, आणि दर गाठीमागे लागणारे युनिट महिन्यागणिक फारसे बदलत नाहीत.

हे गणित मालकाशी बोलण्याआधी करायचे की नंतर, यावर सगळे अवलंबून आहे. बत्तीसचा आकडा आधी कानावर पडला की आपले मन बत्तीसच्या आसपासची कारणे शोधू लागते. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेला प्रयोग इथे लागू पडतो. त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवले, जे १० किंवा ६५ वरच थांबत असे, आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के आहेत असे विचारले. चक्राचा आणि उत्तराचा काहीही संबंध नव्हता, तरी ज्यांनी १० पाहिले त्यांच्यातला अगदी मधला अंदाज २५ आला आणि ज्यांनी ६५ पाहिले त्यांच्यातला ४५. आपल्यासमोर तर चक्रापेक्षा कितीतरी जास्त वजनदार आकडे असतात: मागच्या वर्षीचा ताळेबंद, मालकाने सांगितलेला उतारा, बँकेला दिलेले साठ्याचे पत्रक. म्हणून विश्लेषणात्मक तपासणीविषयीचे मानक ५२० ऑडिटरला स्वतःची अपेक्षा ठरवायला सांगते, आणि मी माझ्या कार्यालयात त्यापुढे एक नियम घातला आहे: खतावणी उघडण्याआधी अपेक्षित आकडा, तो कसा काढला आणि किती फरक चालेल, हे वर्किंग पेपरवर, म्हणजे तपासणीच्या नोंदींच्या कागदावर, तारखेसह लिहायचे. नंतर अपेक्षा बदलावी लागली तर खोडायचे नाही, खाली कारणासह नवी लिहायची. हे कंटाळवाणे आहे, आणि सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर आली की प्रत्येक जण ते टाळायला बघतो. तेव्हाच ते सोडायचे नसते.

पतसंस्थेत पुराव्याची दिशा उलटी होते, आणि नव्या माणसाची इथे फार गल्लत होते. जिनिंगमध्ये साठा जास्त दाखवला जाईल ही भीती असते, म्हणून पुस्तकातून आवाराकडे जायचे. ठेवी हे संस्थेचे देणे आहे, आणि देण्याच्या बाबतीत भीती असते ती ते कमी दाखवले जाण्याची. खतावणीतल्या ठेवीदारांना निवडून पत्रे पाठवली तर खतावणीत ज्याचे नावच नाही तो कधीच सापडणार नाही. सुरुवात ठेवीदाराच्या हातातल्या पासबुकापासून किंवा ठेव पावतीपासून केली पाहिजे. सर्वांत साधा उपाय म्हणजे संस्थेच्या काउंटरजवळ बसणे आणि त्या दिवशी जे ठेवीदार स्वतःहून येतील त्यांची पासबुके त्यांच्या परवानगीने खतावणीशी ताडून पाहणे. हा नमुना सांख्यिकीच्या दृष्टीने निर्दोष नाही, पण तो संस्थेने निवडलेला नाही, आणि तेच त्याचे मोल. पिग्मीच्या, म्हणजे एजंट रोज फिरून गोळा करतो त्या ठेवींच्या, बाबतीत एजंटाने ठेवीदाराच्या कार्डावर लिहिलेली रक्कम आणि संस्थेत भरलेली रक्कम या दोन्हींमध्ये तारखांचे अंतर किती पडते ते पाहावे. रकमा जुळत असतात, पण पैसे आठ-आठ दिवस एजंटाकडे फिरत असतात.

जळगावच्या सराफीमुळे इकडच्या संस्थांमध्ये सोनेतारण कर्जही भरपूर असते. तिथे दोन्ही दिशांनी जायचे: रजिस्टरमधून काही कर्जे निवडून त्यांची पाकिटे तिजोरीत शोधायची, आणि तिजोरीतली काही पाकिटे आपल्या हाताने उचलून त्यांची नोंद रजिस्टरमध्ये शोधायची. पाकीट दोन जबाबदार माणसांसमोर उघडायचे, वजन करायचे आणि शुद्धता अशा मूल्यांककाकडून बघून घ्यायची ज्याने ते कर्ज देताना दाखला दिलेला नव्हता. ज्याने पहिला दाखला दिला त्यालाच परत विचारले तर तो आपलाच दाखला पुन्हा वाचून दाखवेल. एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर, एकाच मूल्यांककाच्या सहीने दिलेली पाच-सहा कर्जे दिसली तर निवडीत ती आवर्जून घ्यावीत.

बाहेरच्यांकडून दुजोरा मागवताना मानक ५०५ चा एकच मुद्दा मनात पक्का ठेवावा: पत्र पाठवण्यावर आणि उत्तर येण्यावर ऑडिटरचा ताबा असला पाहिजे. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केले की पुस्तकातल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेतली शिल्लक ही तपासायला सगळ्यात सोपी गोष्ट, आणि खोटे तिथेच लपले होते. मुनीम म्हणाला, "द्या दादा, मी आता बँकेतच चाललो आहे, सही-शिक्का घेऊन येतो", तर त्याच्या मदतीबद्दल आभार मानून पत्र आपणच पाठवावे. पार्टीचा पत्ता खतावणीतून न घेता जीएसटीच्या पोर्टलवरून घ्यावा. मुदत ठेवीची मूळ पावती हातात असली तरी त्या ठेवीवर बोजा आहे का ते बँकेलाच विचारावे, कारण पावतीवर ते दिसेलच असे नाही. आणि उत्तर आलेच नाही तर ते जुळले असे समजू नये. वर्ष संपल्यानंतर त्या पार्टीकडून खरोखर पैसे आले का, आणि ते कोणत्या बिलापोटी आले, हे बघावे.

किती तपासले म्हणजे पुरे, याला एक आकडा नाही. जोखीम जितकी जास्त आणि हातातला पुरावा जितका कमकुवत, तितके जास्त, आणि महत्त्वाच्या रकमेची मर्यादा कामाच्या आधी ठरवून, एवढेच सांगता येते. पण नमुना निवडीत पूर्वग्रह शिरण्याच्या दोन वाटा मला पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे "ही फाइल घ्या, नीट लावलेली आहे" असे म्हणून पुढे केलेली फाइल. नीट लावलेली फाइल तपासायला सोपी असते आणि दमलेल्या माणसाला सोपेच योग्य वाटते. निवडीचे क्रमांक आदल्या दिवशी आपल्या कार्यालयात काढून आणावेत म्हणजे हा मोह राहत नाही. दुसरी वाट जास्त गंभीर आहे. पन्नास व्हाउचरांत दोन चुकीची निघाली की आर्टिकल ती दुरुस्त करून घेतो आणि विषय संपवतो. मानक ५३० नुसार नमुन्यात सापडलेली चूक सगळ्या व्यवहारांवर लावून अंदाज करायचा असतो. ती चूक एकदाच घडलेली आहे असे म्हणायचे असेल तर त्यासाठी वेगळा आणि भक्कम पुरावा लागतो. "चुकून झाले" हे वाक्य वर्किंग पेपरमध्ये जिथे दिसेल तिथे मी त्याखाली प्रश्नचिन्ह काढतो.

दुसऱ्या प्रश्नातला ओळखीपाळखीचा भाग खान्देशापुरता खास नाही, पण इथे तो फार जवळून भोगावा लागतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३९ ने शेअर बाजारात सूचीबद्ध आणि काही मोठ्या कंपन्यांसाठी ऑडिटर बदलणे बंधनकारक केले, व्यक्तीसाठी पाच वर्षे आणि फर्मसाठी पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती. परंतु आपल्याकडचे बहुतेक खासगी उद्योग त्या कक्षेत येत नाहीत आणि एकच ऑडिटर वीस-वीस वर्षे राहतो. कलम १४४ त्याच कंपनीची हिशेबपुस्तके लिहिण्याचे काम ऑडिटरला मना करते. छोट्या गावात या मनाईचे महत्त्व विशेष आहे, कारण स्वतः लिहिलेले हिशेब स्वतः तपासताना कोणाचेच मन मोकळे राहत नाही. मानक २०० मधली व्यावसायिक साशंकता हीच जागा सांभाळते. मालक अप्रामाणिक आहे असे धरायचे नाही, आणि मागच्या अनुभवावरून तो प्रामाणिक वाटतो म्हणून पुरावा कमी घ्यायचाही नाही. मालक असलेल्या आबांना आपण लहानपणापासून ओळखतो हे खरे असेल, आणि ती ओळख ३१ मार्चच्या साठ्याविषयी काहीही सांगत नाही.

यावर व्यवहारात चालणारे उपाय थोडे आहेत आणि ते सगळे क्रमाचेच आहेत. मालकाला कधीच न भेटलेल्या एका सहकाऱ्याने फाइल वाचावी आणि कागदावर जे नाही ते आपल्याला तोंडी सांगून भरून काढू देऊ नये. चर्चेत वरिष्ठाने शेवटी बोलावे. साहेबांनी आधी "मला काही वाटत नाही यात" असे म्हटले की पहिल्या वर्षाच्या आर्टिकलला दिसलेली शंका त्याच्या वहीतच राहते. प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाखाली, हा निष्कर्ष चुकीचा असता तर मला काय दिसले असते आणि ते मी शोधले का, हे दोन ओळींत लिहावे. लेखाविषयक अंदाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानक ५४० च्या सुधारित रूपात हीच अपेक्षा स्पष्ट शब्दांत आहे: तपासणी अशी आखावी की ती फक्त दुजोरा देणारा पुरावा गोळा करण्याकडे आणि विरोधी पुरावा वगळण्याकडे झुकणार नाही. बुडीत कर्जांची तरतूद, जुन्या येण्यांची वसुली, न विकलेल्या मालाची किंमत या सगळ्या जागी हे लागू पडते. एका जागी तरतूद थोडी कमी, दुसऱ्या जागी यंत्राचे आयुर्मान थोडे जास्त, तिसऱ्या जागी किंमत थोडी वर. प्रत्येक अंदाज एकटा पाहिला तर चालून जाण्यासारखा असतो, पण सगळे एकाच दिशेने, म्हणजे नफा वाढवणारे, निघाले तर व्यवस्थापनाच्या कलाची ती खूण असते. म्हणून असे अंदाज एका पानावर शेजारी-शेजारी मांडून पाहावेत.

उलट्या दिशेचा पूर्वग्रहही असतो, त्याबद्दल कमी बोलले जाते. जिल्ह्यातल्या काही पतसंस्थांमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले, त्याच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून आल्या, आणि त्यानंतर ऑडिटर प्रत्येक पतसंस्थेत संचालकांच्या नातेवाइकांची कर्जेच शोधू लागले. ती शोधलीच पाहिजेत. पण ठळक घटना मनात घर करून बसली की नजर तेवढ्यावरच जाते आणि त्याच संस्थेत संगणक प्रणालीतल्या व्याजदरात कोणी बदल केला आहे का, हे बघायचे राहते. संगणकावरच्या भाबड्या विश्वासालाही हेच लागू आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली येण्यांची वयवारी, म्हणजे कोणते येणे किती जुने आहे याची यादी, छापील आणि देखणी असते म्हणून ती बरोबर असते असे नाही. दोन-चार बिलांच्या तारखा मूळ बिलांवरून तपासाव्यात. कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे, आणि ती सोय वर्षभर बंद न करता चालू होती का यावर ऑडिटरला अहवालात लिहावे लागते. ३१ मार्चच्या तारखेची पण प्रत्यक्षात जुलैत टाकलेली नोंद त्यात दिसते, म्हणून ती यादी मुनिमाशी बोलण्याआधी काढून वाचावी.

हे सगळे फाइलमध्ये कसे राहते, यावर पुढे कोणी प्रश्न विचारला तर आपले उत्तर अवलंबून असते. निष्कर्षाशी न जुळणारी माहिती मिळाली असेल तर ती कशी सोडवली हे लिहून ठेवणे मानक २३० नुसार आवश्यक आहे. पुष्कळ जण निष्कर्ष पक्का झाला की विरोधी कागद काढून टाकतात, फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून. तो कागद फाइलीतला सगळ्यात मोलाचा कागद असतो, कारण ऑडिटरने दुसरी बाजू पाहिली होती हे तोच दाखवतो. अहवालाच्या तारखेनंतर साधारण ६० दिवसांत फाइल बंद करायची असते आणि अहवालाच्या तारखेपासून किमान सात वर्षे ती जपायची असते.

राहिला तिसरा प्रश्न. मालकाने किंवा संचालकांनी सही करून दिलेले लेखी निवेदन घेणे मानक ५८० नुसार आवश्यकच आहे, पण ते एकटे पुरेसा पुरावा होत नाही, आणि दुसरा पुरावा मिळण्यासारखा असताना त्याची जागा घेऊ शकत नाही. साठ्याचे मूल्य बरोबर आहे असे पत्र मिळाले म्हणून थप्पीवर चढायचे राहू नये. जिथे गोष्ट मालकाच्या हेतूवरच अवलंबून आहे, उदाहरणार्थ ही जमीन विकायची आहे की ठेवायची आहे, तिथे त्या पत्राला महत्त्व येते. तरीही संचालक मंडळाचे ठराव आणि दलालाशी झालेला पत्रव्यवहार त्याच्याशी जुळतो का हे पाहावे लागते. पत्राची तारीख अहवालाच्या तारखेच्या शक्य तितकी जवळ असावी, तिच्या नंतरची नसावी. व्यवस्थापनाने स्वतःच्या जबाबदारीविषयीचे निवेदन द्यायलाच नकार दिला तर ऑडिटरला मत देण्यास असमर्थता व्यक्त करावी लागते, मग संबंध कितीही जुने असोत. पत्र फाइलला लावताना त्यातल्या प्रत्येक विधानासमोर ते ज्या वर्किंग पेपरवर तपासले त्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा, आणि ज्या विधानासमोर लिहायला क्रमांक सापडत नाही त्याचे काम अहवालावर सही होण्याआधी पूर्ण करून घ्यावे.